आत्या सांगत होती तेव्हा

इंदापूरच्या आत्याला जाऊन वर्ष झालं. शेवटचे अकरा दिवस ती बारामतीला दवाखान्यात होती, त्यातले नऊ व्हेंटिलेटरवर. डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावून विचारलं, "त्यांची स्वतःची काही इच्छा होती का?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग दादा म्हणाला, "होईल तेवढं सगळं करा."

इच्छा ठाऊक होती हो सगळ्यांना. ज्वारी निवडता निवडता कितीदा म्हणायची, "मला नळ्यांत अडकवू नका रे." आणि आम्ही? "आत्या, काय अभद्र बोलतेस!" झालं, विषय बंद.

तेव्हापासून अरुणा शानबाग प्रकरण पुन्हा वाचतोय. मुंबईच्या केईएममधली परिचारिका. नोव्हेंबर 1973 मध्ये तिथल्याच एका वॉर्डबॉयनं कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळून अत्याचार केला, मेंदूला इजा झाली. पुढची जवळजवळ 42 वर्षं ती त्याच रुग्णालयात पडून होती. लेखिका पिंकी विराणी तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्या परिचारिकांनी तिला भरवलं, पुसलं, सांभाळलं, त्यांनी ठाम विरोध केला. 7 मार्च 2011 ला न्यायालयानं केईएमची माणसं हीच तिची खरी आप्त मानली आणि याचिका फेटाळली. मात्र त्याच निकालानं, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, उपचार थांबवायची वाट उघडली. अरुणा 18 मे 2015 ला न्यूमोनियानं गेली. दोन्ही बाजूंना तिची माया होती. पण हल्ला झाला तेव्हा ती पंचविशीतली. असलं काही तिला आधी कोण विचारणार?

आपल्यात मरणाबद्दल बोलायची रीतच नाही, असं मी म्हणायचो. तेही खरं नाही. बेळगावकडच्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज. दृष्टी गेल्यावर मुनिव्रत नीट पाळता येईना, तेव्हा 1955 मध्ये कुंथलगिरीला त्यांनी उघडपणे सल्लेखना घेतली. लोक दर्शनाला लोटले. 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी हृदयविकारानंतर अन्न, पाणी, औषध नाकारलं. सल्लेखना म्हणजे दयामरण नव्हे, हे आमचे जैन शेजारी मला बजावतील, आणि बरोबरच आहे. शिवाय ही व्रतस्थ माणसं, आमची आत्या संसारी. पण ते बोलले आणि भोवतालच्यांनी ऐकून घेतलं, एवढं तरी खरं ना?

इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. पण 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं जिवंतपणीचं वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं. तेव्हाची अट अशी, की त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. कोण जाणार कोर्टात? जानेवारी 2023 मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपल्याला बोलता येईनासं झालं तर कोणाला विचारायचं, त्यांची नावंही त्यात लिहायची. पुढेही डॉक्टरांची दोन मंडळं तपासून बघतात, मगच उपचार थांबतात. कुणाच्या लहरीवर नाही.

माझा कागद तयार आहे. त्यात दादाचं आणि धाकटीचं नाव घातलंय. फोनवर सांगितलं तर दादा म्हणाला, "तुला काय धाड भरलीये?" आणि उसाच्या बिलाचं विचारायला लागला.

दादा, तू हे वाचतोस ते मला माहीत आहे. दिवाळीला इंदापूरला येतोय, कागद घेऊनच येतो. फराळाच्या आधी बोलू.