मशीद बंदरचा काजी

सोलापूरहून मुंबईला जाणारी गाडी शेवटच्या टप्प्यात ‘मशीद’ नावाच्या स्थानकावरून जाते. आपल्यापैकी किती जणांनी ते नाव वाचून मनोमन आपलेपणा मानला असेल! पण हे नाव पडले ते जवळच्या यहुदी प्रार्थनालयावरून, असे सांगतात. सॅम्युएल एझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर या बेने इस्रायल गृहस्थाने १७९६ साली ते बांधले. या समाजात प्रार्थनालयाला सर्रास ‘मशीद’च म्हणत. त्यांच्या धर्मकार्य करणाऱ्या माणसाचे नाव तर आमच्या घरातलेच: काजी.

हा काजी शिकला कुठे? कोकणात नवगावजवळ गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, असे बेने इस्रायल मानतात. ते तेलाचे घाणे चालवीत; शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’. हिब्रू विसरली, ग्रंथ उरले नाहीत. सुंता, शब्बाथ, खवले नसलेली मासळी वर्ज्य आणि ‘शेमा’ची प्रार्थना एवढे मात्र टिकले. जन्म, लग्न, मृत्यू, प्रत्येक वेळी तीच.

मग डेव्हिड रहाबी आला. परंपरा त्याला फार मागे नेते. बरेच अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. त्याने निवडलेल्या तिघांची घराणी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. त्यांना त्याने प्रार्थना आणि विधी शिकवले. हे तिघे गावोगाव हिंडून लग्ने लावत, तंटे मिटवत. पुढे हे काम वंशपरंपरेने चालले. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला या कामासाठी ‘काजी’ हा शब्द सुचणे स्वाभाविकच होते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोचीन व बगदादचे शिक्षक आले. प्रार्थनालयात ‘हजान’ पुढे आला आणि गावचा काजी मागे पडला. हजानचे शिक्षण खडतर. तोराची गुंडाळी बिनस्वरांची असते; जेर-जबर नसलेला मजकूर समजा. चाल आणि उच्चार आधी कानाने पाठ हवेत, मगच डोळा कामाला येतो. आमच्या मदरशातल्या मुलाला हे समजावून सांगावे लागणार नाही. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. त्याचा हेतू काहीही असो, शिकणाऱ्याला मातृभाषेची पायरी मिळाली. १८७४मध्ये पुण्यात निघालेल्या मराठी हगादाच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका सणाची भाकर करताना दिसतात!

दुसरीकडे जुने सुटलेही नाही. एलिया पैगंबराच्या नावाने ते आजही मलिदा करतात. शब्द तोच, जो आमच्या दर्ग्यात ऐकू येतो.

याच परंपरेच्या वैधतेवर इस्रायलमध्ये प्रश्न आला. १९६२मध्ये तेथील मुख्य रब्बींच्या कचेरीने बेने इस्रायलांच्या विवाहाआधी वंशाची चौकशी करण्याच्या सूचना दिल्या. त्या घाण्याच्या गावांतले लग्न आणि तलाक नियमाप्रमाणे होते काय, ही शंका. म्हणजे संशय काजींच्या कामावरच होता. ज्या काजींनी ग्रंथाविना लोकांना एकत्र राखले, त्यांच्यावर ग्रंथवाल्यांनी बोट ठेवले, याचा आम्हांला राग येतो. १९६४मध्ये बेने इस्रायल जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले. सरकारने त्यांना सर्वार्थाने यहुदी ठरवले आणि त्या सूचनांतून त्यांचे नाव गळाले.