कारखान्यामागची प्रयोगशाळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार येथे बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांचा आहे. मी रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक. सरकारने विज्ञानावर खर्च केलेला पैसा राज्याला, त्याच्या विद्यापीठांना आणि उद्योगांना कोणत्या वाटेने परत मिळतो, याचा इतिहास मला थोडाफार ठाऊक आहे. तो आपल्यापुढे मांडावा आणि आमलीच्या श्रोत्यांना त्याचा काय उपयोग ते पाहावे, एवढाच माझा हेतू.

आरंभ येथूनच करतो. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि 11 ऑगस्ट 1961 रोजी हा प्रदेश रीतसर भारतात सामील झाला. तेव्हा येथे जंगल होते, भातशेती होती, वारली, कोकणा आणि धोडिया समाजाचे पाडे होते. कारखाना म्हणावा असे काही नव्हते. 1965 साली पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे मसाट आणि खडोली येथे सरकारी वसाहती झाल्या. मागास प्रदेश म्हणून करांत सवलती मिळाल्या, वापीचे रेल्वेस्थानक हाकेच्या अंतरावर होतेच. पाहता पाहता प्लास्टिकचे आणि पॉलिएस्टर सुताचे कारखाने दाटीने उभे राहिले. त्या सवलतींनी कित्येक घरांच्या चुली पेटवल्या. त्यांना कमी लेखणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु कर माफ करणे हादेखील सरकारचा खर्चच असतो, तो अंदाजपत्रकात डोळ्यांत भरत नाही इतकेच. त्या खर्चाने कारखाना आला. यंत्र कसे घडवावे, प्रक्रिया कशी सुधारावी, हे ज्ञान मात्र दुसरीकडून येत राहिले. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विक्रीकराच्या सवलतीचे जुने आकर्षणही ओसरले.

याच दशकांत सरकारने पुण्यात निराळ्या रीतीने रुपया खर्च केला. त्याची हकिकत मागून सुरू होते. महायुद्धाच्या धामधुमीत, नोव्हेंबर 1941 मध्ये, मध्यवर्ती विधिमंडळाने औद्योगिक संशोधनासाठी पाच वर्षे दरसाल 10 लाख रुपयांची तरतूद मान्य केली. 1942 साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. 6 एप्रिल 1947 रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला बसवली, आणि 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. प्रजासत्ताक व्हायला अजून तीन आठवडे होते. अन्नधान्याची चणचण असलेल्या आणि निर्वासितांचे लोंढे सांभाळणाऱ्या देशाने हा खर्च केला, हे मला आजही विलक्षण वाटते.

पुणे विद्यापीठ 1949 सालचे, म्हणजे प्रयोगशाळेपेक्षा जेमतेम एका वर्षाने मोठे. नव्या विद्यापीठाला महागडी उपकरणे आणि तालमीत तयार झालेले मार्गदर्शक कोठून मिळणार? ते शेजारी पाषाणला मिळाले. विद्यार्थ्यांनी संशोधन प्रयोगशाळेत करावे आणि पीएच.डी. विद्यापीठाची घ्यावी, अशी प्रथा पडली. माझ्या मते या खर्चाचा पहिला आणि सर्वांत मोठा परतावा हाच, माणसांचा.

मुंबईचा हात येथे विसरून चालणार नाही. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, ज्याला सारे जण 'यूडीसीटी' म्हणत, 1933 साली कापड-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या विषयांनी सुरू झाला. त्याचे पहिले भारतीय संचालक, रंगद्रव्यांचे जाणकार डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन, 1957 साली पुण्याच्या प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यामागून 1966 साली आलेले डॉ. बी. डी. टिळक हेही माटुंग्याचेच. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत अत्यंत हलाखीत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यूडीसीटीतून पुण्याला आले आणि 1989 साली संचालक झाले. डॉ. अंजी रेड्डी यांनी पदवी माटुंग्याला आणि पीएच.डी. पुण्याच्या प्रयोगशाळेत घेतली. 1984 साली त्यांनी औषधांची कंपनी काढली ती हैदराबादेत. महाराष्ट्राच्या मातीत शिकलेली विद्या आंध्रात फळाला आली म्हणून कोणी हळहळेल. पण गोव्याचा मुलगा महाराष्ट्राला लाभला, हेही त्याच वहीत लिहावे लागेल. विद्येच्या हिशेबात राज्यांच्या सीमा फारशा टिकत नाहीत.

आता सुताकडे येतो, कारण ते येथल्या प्रत्येकाच्या परिचयाचे. पॉलिएस्टरच्या मुळाशी पॅराझायलीन नावाचे द्रव्य असते. खनिज तेलापासून झायलीन निघते ते मिश्रण. त्यातला पॅरा प्रकार हवा असतो, बाकीचे भाऊबंद पॅरामध्ये बदलून घ्यावे लागतात. हे काम उत्प्रेरक करतो. 1980 च्या दशकात डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी 'एन्सिलाइट' नावाचा झिओलाइट उत्प्रेरक सिद्ध केला. तो घडवण्यात एसीसी या सिमेंट कंपनीचा वाटा होता आणि बडोद्याच्या 'आयपीसीएल'ने तो आपल्या कारखान्यात वापरला. आयपीसीएल सरकारी होती, हा तपशील महत्त्वाचा. घरच्या प्रयोगशाळेतील भुकटीवर चालता कारखाना सोपवण्याचा धोका पत्करणारे गिऱ्हाईक मिळाले म्हणून हे घडले. असे गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे कितीतरी प्रक्रिया फायलींत पडून राहिल्या, आणि सरकारी प्रयोगशाळांवर झालेली टीका सर्वस्वी खोटी नव्हती. केवळ पैसा ओतला म्हणजे फळ येते, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही.

औषधांच्या बाबतीत गिऱ्हाईक कायद्याने निर्माण केले. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच हक्क मान्य केला. नवी पद्धत शोधता येणाऱ्या रसायनज्ञाला एकाएकी मोल आले, आणि असे रसायनज्ञ माटुंग्याला व पाषाणला आधीच तयार होते. कायदा उद्या करता येतो. रसायनज्ञ घडवायला वीस वर्षे लागतात.

आजची स्थिती काय? 2020-21 साली आपल्या देशाचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के होता. चीनचा 2 टक्क्यांहून अधिक. 2023 साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये उभे करण्याचा संकल्प आहे. त्यातील मोठा भाग खाजगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा आहे, ती कितपत पुरी होते ते पाहायचे. मोठ्या संस्थांबरोबर राज्यांतील विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यापर्यंत संशोधनाचा पैसा पोहोचावा, हा त्या कायद्याचा एक उद्देश आहे.

तो आमलीपर्यंत पोहोचेल काय? दमणगंगेच्या पाण्याचे परीक्षण, सुताच्या कारखान्यांतील टाकाऊ पॉलिएस्टरचा पुनर्वापर, वारली शेतकऱ्यांच्या भाताच्या वाणांची नोंद, असे विषय येथे दाराशी उभे आहेत आणि त्यांना पाषाणएवढी इमारत लागत नाही. एक चांगली रसायनशाळा, दोन निष्ठावंत अध्यापक आणि एखादा ऐकून घेणारा कारखानदार पुरे. माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आज या वसाहतींत अधिकारी असतील, काही स्वतः कारखानदार. माझी विनंती त्यांनाच आहे: महाविद्यालयाकडून असा एखादा प्रकल्प आला तर यंत्र पाहायला, नमुना घ्यायला फाटक उघडावे. पुणे विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात दादरा व नगर हवेलीही येते. पाषाणच्या प्रयोगशाळेत खपलेल्या पिढ्यांच्या पीएच.डी.च्या प्रमाणपत्रांवर ज्या विद्यापीठाचे नाव आहे, त्याच विद्यापीठाची पदवी सिल्वाशात बसून घेता येते.