ठिणगीची साक्ष

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनी स्पार्क प्लगवर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. पण इंजिनाच्या आत ठिणगी पडते की नाही हे ओळखायचं कसं, हा मुळात प्रमाणाचाच प्रश्न आहे. जे डोळ्यांना दिसत नाही त्याबद्दल आपण खात्रीने कधी बोलू शकतो? मोटारीच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली. ती आज पाहू.

आधी आमचा अनुभव सांगतो. आमच्याकडे एक जुनी, चार सिलिंडरची गाडी होती. सपाटीला ती सुरळीत चालायची, पण खंबाटकी घाट लागला की मिस मारायची. एका गॅरेजात दाखवली. तिथल्या मेकॅनिकने एकेक प्लग काढला, वायर जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. चारही प्लगांवर टकटक निळी ठिणगी. "प्लग ओके आहेत सर, कार्ब्युरेटर बघू." कार्ब्युरेटर उघडला, पेट्रोलपंप बदलला, पैसे गेले. पुढच्याच पावसाळ्यात गाडी भर घाटात बंद पडली. मागे लदलेला ट्रक, गाडीत मुलं, आणि हँडब्रेक ओढूनही गाडी हळूहळू मागे सरकत होती. ट्रकवाल्याने उडी मारून चाकाखाली दगड लावला म्हणून निभावलं.

मग आता इतिहासाकडे वळू. कार्ल बेन्झ यांनी 1886 मध्ये ज्या मोटारीचं पेटंट घेतलं, तिच्यात बॅटरी आणि कॉइलने ठिणगी पाडली जाई. 1888 मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेन्झ यांनी दोन मुलांना घेऊन मॅनहाइम ते फोर्झहाइम असा सुमारे 100 किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत ठिणगीच्या तारेचं आवरण झिजलं, तेव्हा त्यांनी मोज्याचा बंद तारेला गुंडाळला, असं सांगतात. म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि रस्त्यावर शोधलेला इग्निशनचा बिघाड एकाच वयाचे आहेत! पुढे 1902 मध्ये श्टुटगार्टला रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला.

फोर्डच्या 1908 च्या मॉडेल टी गाडीत लाकडी पेटीत चार कॉइली असत, दर सिलिंडरला एक. प्रत्येकीवर गुणगुणणारी एक पट्टी. इंजिन चालू ठेवून पट्टी बोटाने दाबली की त्या सिलिंडरची ठिणगी थांबे. इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच! आपल्याकडच्या नैयायिकांनी याला व्यतिरेक म्हटलं असतं. एक गोष्ट काढून घ्या आणि दुसरी जाते का ते पाहा. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात मांडलेली भेदाची पद्धत याच जातीची.

या परीक्षेचं बळ कशात आहे? इंजिन चालू असताना, खऱ्या परिस्थितीत ती होते. आमच्या मेकॅनिकची परीक्षा मोकळ्या हवेत झाली होती. 1889 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी दाखवलं की ठिणगी पडायला लागणारा विद्युतदाब हा वायूचा दाब आणि दोन टोकांतलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. प्लगची फट साधारण 0.6 मिलिमीटर धरा. बाहेर दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात त्याच्या कित्येक पट लागतात, आणि घाटात ॲक्सिलरेटर दाबला की आणखी. तेव्हा विजेला पोर्सिलेनच्या बारीकशा तड्यातली वाट सोपी वाटते. ती तिथून पळते आणि फट कोरडीच राहते.

न्यायशास्त्रात याला नेमका शब्द आहे, उपाधी. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे विधान फसतं, कारण त्यात ओल्या सरपणाची अट लपलेली असते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. 'बाहेर ठिणगी, म्हणून आतही ठिणगी' यातही तशीच एक अट लपली आहे. ती दाबाची.

शेवटी दुसऱ्या एका गॅरेजातल्या वयस्कर मिस्त्रींनी आमचे प्लग तपासणीच्या यंत्रात लावले. त्यात हवेचा दाब वाढवत जायचा आणि छोट्या काचेतून ठिणगी पाहायची. तिसऱ्या प्लगची ठिणगी दाब चढताच गेली. मिस्त्री म्हणाले, "मोकळ्या हवेत कुठलाही प्लग करंट देतो, सर. दाबाखाली देतो का ते बघायचं."

आज हे काम संगणक करतो. अमेरिकेत 1996 पासूनच्या नव्या मोटारींत ही व्यवस्था सक्तीची झाली. एखादा सिलिंडर चुकला की क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर पडतो. त्यावरून संगणक पहिल्या सिलिंडरसाठी 'पी 0301' असा कोड देतो. त्याला ठिणगी दिसत नाही, तो अनुमानच करतो. आणि कारण काय, प्लग, कॉइल, इंजेक्टर की कॉम्प्रेशन, हे कोड सांगत नाही. चांगला मेकॅनिक पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहतो. दोष तिच्यासोबत गेला तर कॉइल खराब. पुन्हा अन्वय-व्यतिरेकच! फक्त हल्लीच्या गाडीत चालू इंजिनाची वायर उपसू नका. धक्का जबर बसतो, इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतो, आणि पेट्रोलच्या वाफेजवळ उघडी ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण.

त्या पहिल्या मेकॅनिकला आम्ही खोटं ठरवत नाही. त्याने पाहिलेली ठिणगी खरीच होती. फक्त ती घाटातली नव्हती, आणि हे विचारायचं आम्हालाही सुचलं नाही, तर्कशास्त्र शिकवत असूनही! इथे थांबतो.