बुलेटची फ्रेम आणि माझा गाढवपणा

जबलपूरला पोस्टिंग असताना मी एक गाढवपणा केला. जुनी बुलेट घेतली आणि चॉपर करायला काढली. हँडलपासून इंजिनापर्यंत उतरणारा पाइप कापून तिथे भारी पोलादाचा, पण बारीक पाइप बसवून घेतला. दिसायला झकास! भेडाघाटच्या रस्त्यावर साठच्या वेगाला हँडल असं थरथरलं की गाडी थेट शेतात. मी वाचलो.

वर्कशॉपच्या उस्तादांनी जोड तपासले. कुठेही तडा नव्हता. म्हणाले, "मजबुती आहे, ताठपणा नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी."

भारी पोलाद तुटायला जास्त जोर लागतो. पण तुटण्याआधी ते साध्या पोलादाइतकंच लवतं. ताठपणा येतो आकारातून. पातळ पाइपची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं, पण पिळाला विरोध सुमारे ८ पट!

दोन्ही चाकं एका रेषेत ठेवणं हे फ्रेमचं काम. मागे स्विंगआर्म आला, तसं हँडल आणि स्विंगआर्म यांच्यामधला भाग न पिळणं फार महत्त्वाचं ठरलं. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी नॉर्टनसाठी इंजिनाभोवती दोन पाइपांचे पूर्ण फेरे घातले. १९५० मध्ये जेफ ड्यूक त्याच फ्रेमवर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकले. हॅरॉल्ड डॅनिएल यांना ती गाडी पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून नाव पडलं 'फेदरबेड'.

१९४९ ची बुलेटही स्विंगआर्मचीच, पण तिची वाट निराळी. इंजिनाखाली पाइपच नाही! इंजिनाचं केसिंगच पुढचा पाइप आणि मागची फ्रेम जोडतं. फौजेने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी घेतली ती हीच, आणि १९५५ पासून मद्रासला जुळू लागली तीही हीच. म्हणजे इंजिनाचे बोल्ट ढिले झाले, तर फ्रेमच ढिली झाली. उस्ताद रोज सकाळी ते बोल्ट का तपासायला लावायचे, हे मला शेतातून उठल्यावर कळलं.

त्यांनी मूळ मापाचा पाइप बसवून दिला. थरथर गेली.

माजी सैनिक मंडळींनो, घरातला पोरगा बुलेट कापायला निघाला, तर रंग, टाकी, सीट हवं ते बदलू द्या. फ्रेमला हात लावण्याआधी मात्र त्याला एवढंच विचारा, "कापलेल्या पाइपचं काम आता कोण करणार?"