हिशेब आणि तानपुरा

मैत्रिणींनो, बचत गटाची वही लिहिता लिहिता भजनाला उशीर होतो, ही आपली नेहमीची तक्रार. म्हणून आज वामनराव देशपांड्यांविषयी बोलू या.

जन्म १९०७ चा. मुंबईत चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे लोकांचे हिशेब तपासून घर चालवायचं. गाण्यावर त्यांनी पोट भरलं नाही, पण गाणं सोडलंही नाही. शिकले कुणाकडे? इतर गुरूंबरोबर गोव्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांकडेही. मोगूबाई कलावंत घरातल्या. त्या काळी अशा बाईचं गाणं लोक आवडीनं ऐकत, मान द्यायला मात्र कचरत. चांगला व्यवसाय असलेला पुरुष तिच्यापुढे शिष्य म्हणून बसला, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

१९६१ साली त्यांचं ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक आलं. कुठल्या घराण्यात सुराला किती वजन आणि लयीला किती, हे त्यांनी त्यात तोलून पाहिलं. किराणा सुराकडे झुकलेलं, आग्रा लयीकडे. जयपूरमध्ये, म्हणजे मोगूबाईंच्या घराण्यात, दोन्ही बाजू जुळलेल्या. ताळेबंद मांडणाराच असं लिहिणार! आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, गुरूच्या घराण्याला त्यांनी जरा झुकतं माप दिलं.

असेलही. पुढच्या वेळी मोगूबाईंबद्दलच बोलू.