देवस्थानाचं दप्तर आणि लग्नाची नोंदवही

भिवंडी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लग्नाची नोंद करायला गेलं की ‘नमुना ड’ भरावा लागतो. वराची माहिती, वधूची माहिती, तीन साक्षीदार, पत्रिका, फोटो, कोर्ट फी स्टॅम्प. आणि एक रकाना लग्न लावणाऱ्याचा. तिथे गुरुजींची नाहीतर काझीसाहेबांची सही लागते. मोसमात नवरा-नवरी हाती असतात, साक्षीदारही मिळतात, पण गुरुजी पुढच्या मुहूर्ताला निघून गेलेले असतात, आणि तेवढ्या एका सहीसाठी मुलीकडच्या मामांना दोन हेलपाटे पडतात. हा नमुना १९९८च्या महाराष्ट्र विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी कायद्यातला. तो पाहून कुणालाही वाटावं की आपल्याकडे धर्माच्या सहीशिवाय लग्न कायद्याचं होत नाही.

समलिंगी विवाहाच्या वादात हीच समजूत पायाशी आहे. कायद्याने असं लग्न मान्य केलं तर उद्या देवळाच्या सभागृहात, दर्ग्याच्या आवारात, चर्चच्या अनाथाश्रमात सरकार घुसेल, अशी भीती घातली जाते. धर्मदाय संस्था आणि लग्न यांचा आपल्याकडचा जुना हिशेब काढला तर ही भीती आपल्या मातीतली दिसत नाही.

सुरुवात भिवंडी तालुक्यातूनच करू. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला, १७३९ साली वसई पडली आणि देवीचं देऊळ उभं राहिलं, दगडी तटाचं, बावन्न पायऱ्यांचं, लांबून गढीच वाटावी असं. त्या काळात देवस्थान चालायचं ते राजाच्या सनदेवर. इनाम, वर्षासन, पूजेची नेमणूक. देणारा सरकार, हिशेब विचारणाराही सरकारच. पुण्यात पेशवे श्रावणात रमण्यावर दक्षिणा वाटत, तेही धर्मदायच. इंग्रजी अंमल आल्यावर १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्यांनी अर्ज केला की हा पैसा मराठी ग्रंथकारांना द्या. पुण्यातल्या शास्त्रीमंडळींनी आकांत केला, तरी दोन वर्षांत दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. धर्माच्या नावाचा पैसा कशाला खर्चावा याची भांडणं इतकी जुनी आहेत.

पुढे मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर तेंडोलकर समितीच्या अहवालावरून १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. हा कायदा वाचावा असा आहे. त्याच्या व्याख्येत आज देऊळ, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी आणि ‘धर्मादा’ असे एका ओळीत बसलेले आहेत. धर्मादा म्हणजे बाजारात व्यापारी बिलावर देवधर्मासाठी जे चार पैसे लावत ते. भिवंडीसारख्या व्यापाराच्या गावाला हा प्रकार नवा नाही. कलम ५४ ने त्या चार पैशांचाही हिशेब धर्मादाय आयुक्तांना द्यायला लावला. ज्यांनी न्यासाचं दप्तर सांभाळलं आहे त्यांना हे पाठ असतं: शेड्यूल वनचा उतारा, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, जमीन विकायची तर कलम ३६ ची परवानगी. कितीतरी देवस्थानांत पूजेपेक्षा बदल अर्जाची तारीख जास्त वेळा चालते.

मुसलमानांचे वक्फही सुरुवातीला धर्मादाय आयुक्तांच्याच कार्यालयात नोंदले जात. म्हणजे भिवंडीतलं देऊळ आणि भिवंडीतली मशीद यांच्या फायली ठाण्याला एकाच छपराखाली. पुढे १९९५ चा वक्फ कायदा आला, राज्यात वक्फ मंडळ झालं, आणि कोणता मुस्लिम न्यास वक्फ, कोणता नुसता सार्वजनिक न्यास, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ मध्ये निकाल लागला की प्रत्येक मुस्लिम न्यास वक्फ नसतो.

सरकारचा हात कुठवर, हे मात्र त्याच्या खूप आधी ठरलं होतं. १९५० चा कायदा येताच एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त न्यायालयात गेले. १९५४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रेघ ओढली. मालमत्ता, हिशेब, कारभार यांवर कायदा चालेल. पण पूजा-विधी हा धर्माचा भाग, त्यात सरकारने पडायचं नाही. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद न्यायालयाने रद्द केली. दात्याच्या इच्छेविरुद्ध देवाचा पैसा दुसरीकडे वळवण्याची सोयही काढून टाकली. सत्तर वर्षं झाली, ही रेघ पुसलेली नाही. उद्या कोणतंही लग्न कायदेशीर झालं की वज्रेश्वरीच्या पुजाऱ्याला ते लावायला भाग पाडता येईल, असं म्हणणाऱ्याने आधी हा निकाल खोडून दाखवावा.

आता दुसरी वाट, लग्नाची. इथे महाराष्ट्राची कामगिरी खरंच मोठी आहे आणि आपण ती विसरलो आहोत.

२५ डिसेंबर १८७३ ला फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटाशिवाय पहिलं लग्न लावलं. गावोगावचे जोशी चिडले, कारण प्रश्न नुसत्या मंत्रांचा नव्हता, वतनाचा होता. गावात लग्न झालं की जोशाला दक्षिणा, मग त्याला बोलवा की नका बोलवू. जुन्नरजवळच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी जोशाला न बोलावता लग्न लावलं तेव्हा जोशाने हक्कासाठी दावा लावला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १८९० मध्ये पाटलांच्या बाजूने लागलं. ज्याला पुरोहित नकोच आहे त्याच्याकडून दक्षिणा वसूल करता येत नाही. १९२६ मध्ये मुंबई सरकारने कायदाच करून हिंदू विधींवरचे असले वंशपरंपरागत हक्क मोडीत काढले.

मुसलमानांबाबत हे काम आणखी आधी झालं. १८८० चा काझी कायदा सरकारला काझी नेमू देतो, आणि लगेच कलम ४ मध्ये सांगतो की या कायद्याने काझीला न्यायाधीशाचे अधिकार मिळत नाहीत, आणि निकाहाला त्याची हजेरी आवश्यक ठरत नाही. भिवंडीत मोमीन असोत की कोकणी मुसलमान, निकाह काझीच पढवतो. ती रीत आहे, कायद्याची अट नाही.

एक प्रकरण याहून टोकाचं. जेजुरीच्या खंडोबाला मुरळी वाहायची, म्हणजे मुलीचं लग्न देवाशी. मग तिने माणसाशी लग्न केलं तर ते धर्माच्या नजरेत काय? १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने उत्तर दिलं: देवाला वाहणं बेकायदा, आणि वाहिलेल्या बाईने केलेलं लग्न कायदेशीर. देवस्थानांच्या परंपरेला विचारून हे झालं नाही. बाईचा हक्क पाहून झालं.

आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा, रतिलाल गांधींच्या निकालाच्याच वर्षीचा. दोन भिन्न धर्मांचे किंवा धर्मविधी नको असलेले लोक विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देतात, ती तीस दिवस कार्यालयाच्या फलकावर लागते, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. तिथे पुरोहिताचा रकानाच नाही. समलिंगी जोडप्यांनी सर्वोच्च न्यायालयात मुख्यतः याच कायद्याखाली नोंद मागितली होती. देऊळ मागितलं नव्हतं, मशीद मागितली नव्हती.

तरी धर्मसंस्था न्यायालयात उभ्या राहिल्या, आणि ते काही पहिल्यांदा नव्हतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाविरुद्ध अपील करणाऱ्यांत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं आणि ख्रिस्ती संघटनाही होत्या. २०१३ मध्ये ते जिंकले, २०१८ मध्ये तो निकाल उलटला. २०२३ च्या विवाहाच्या सुनावणीत जमियत उलेमा-ए-हिंद विरोधात होती. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांची भूमिका मधली होती: समलिंगी व्यक्ती गुन्हेगार नाहीत, पण विवाहाला मान्यता नको. हा विरोध करण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. माझा आक्षेप आहे तो त्यामागच्या सक्तीच्या भीतीला.

ती भीती आली परदेशातून. मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ ला समलिंगी विवाह सुरू झाले आणि दोन वर्षांनी बॉस्टनच्या कॅथॉलिक चॅरिटीजनी दत्तक देण्याचं कामच थांबवलं. २०२१ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालसंगोपन सेवेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅथॉलिक संस्थेच्या बाजूने कौल दिला. इंग्लंडने २०१३ चा कायदा करताना चर्च ऑफ इंग्लंडला बाजूला ठेवलं आणि इतर धर्मांना ज्याची त्याची निवड दिली. अमेरिकेतल्या त्या झगड्याचं मूळ सरकारी पैशाने चालणाऱ्या दत्तक आणि संगोपन सेवेत होतं, लग्नाच्या विधीत नव्हतं.

आपल्याकडे तसं जवळ जाणारं एकच उदाहरण सापडतं आणि त्यात समलिंगी विवाह नाहीच. २०१५ मध्ये एकट्या व्यक्तीला दत्तक देण्याचे नियम सैल झाले तेव्हा मिशनरीज ऑफ चॅरिटीने आपली दत्तक केंद्रं चालवायला नकार दिला. सरकारने कुणाला तुरुंगात टाकलं नाही. संस्था त्या कामातून बाहेर पडली, एवढंच.

उलट लग्नाच्या कामात आपल्या धर्मदाय संस्थांना सरकारनेच ओढलं आहे. २०१८ मध्ये तेव्हाचे धर्मादाय आयुक्त शिवकुमार डिगे यांनी देवस्थानांना गरीब शेतकऱ्यांच्या मुलींचे सामुदायिक विवाह लावायला सांगितलं. राज्याच्या शुभमंगल योजनेत जोडप्यामागे वधूच्या घराला १०,००० रुपये आणि आयोजक संस्थेला २,००० अशी रक्कम होती. दानपेटीतला पैसा लग्नाला लावायला कुणाची श्रद्धा आड आली नाही. आणि गंमत अशी की ज्या धर्मादाय कार्यालयात देवस्थान नोंदलेलं असतं तिथेच समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा १९९४ चा मुंबईचा हमसफर ट्रस्टही नोंदलेला आहे. सार्वजनिक न्यास या एकाच शब्दाखाली दोघं बसतात. कायद्याला त्यात विसंगती दिसली नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की विवाहाचा मूलभूत हक्क संविधानात नाही. जोडप्यांच्या नात्याला मान्यता आणि दत्तकाचा हक्क या मुद्द्यांवर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि मागणी फेटाळली गेली. ९ जानेवारी २०२५ ला पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. चेंडू कायदेमंडळाकडे आहे.

त्या सुनावणीत केंद्राने राज्यांचं मत मागवलं होतं. सात राज्यांनी उत्तर पाठवलं. राजस्थान, आंध्र आणि आसामने विरोध केला. महाराष्ट्राने अभ्यासाला वेळ मागितला. फुल्यांच्या, ओतूरच्या निकालाच्या राज्याने एवढंच म्हणावं हे मला तरी खटकतं. संविधानाच्या समवर्ती सूचीत विवाह पाचव्या नोंदीवर आहे आणि धर्मदाय संस्था अठ्ठाविसाव्या. म्हणजे दोन्ही विषयांवर विधानसभेला बोलता येतं. तामिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून पुरोहिताशिवायचं स्वाभिमान लग्न कायदेशीर केलं, ते याच सूचीच्या आधारे. आपल्या आमदाराला विचारा, मागितलेला वेळ कशात गेला.