दिनविशेष : ५ सप्टेंबर

१८१९ : अमेरिकेतील शॅम्प्लेन सरोवरात ‘फिनिक्स’ ही लाकडी आगबोट मध्यरात्रीनंतर पेटली, सहा जणांचा बळी गेला. कोठीघरात जळती राहिलेली मेणबत्ती निमित्त ठरली असे मानतात, पण संशय प्रतिस्पर्धी शिडाच्या जहाजवाल्यांवरही होता. आजारी वडिलांच्या जागी कप्तानी करणारा रिचर्ड शर्मन तेव्हा अवघा बाविशीचा. जळका सांगाडा कोलचेस्टरजवळच्या उथळ खडकावर अडकला. मालकांनी इंजिन काढून नेले, लाकूड टाकून दिले. ते बरेच झाले. १९७८ मध्ये पाणबुड्यांना तो सांगाडा सापडला. लाकूड पोखरणारे सागरी किडे गोड्या पाण्यात नसतात, म्हणून कोळसा झालेल्या फासळ्याही टिकल्या. १९८५ पासून व्हरमाँट राज्याने हे अवशेष संरक्षित केले आहेत. पाणबुड्यांनी ते पाहावेत, हात लावण्यास मात्र मनाई.